पगचा डोळा उघडत नाही, बुबुळावर पांढरा ठिपका: कोणत्या तपासण्या मागायच्या?

इंदिरानगर_पग:
नमस्कार मंडळी. कुत्रा पग, नर, वय ५ वर्षं, वजन ९ किलो. कालपासून डावा डोळा घट्ट मिटून ठेवतोय आणि पंजाने चोळायला बघतोय. उजेडात पापणी हलकेच वर केली तर बुबुळाच्या साधारण मध्यावर पांढुरका गोल ठिपका दिसतो. भोवती निळसर धुरकटपणा आहे, पांढरा भाग लाल आहे, पाणी गळतंय. दोन्ही डोळ्यांत बऱ्याच महिन्यांपासून सकाळी चिकट, तार सुटणारी पिवळट चिपडं असतात. तेवढ्यापुरती ओल्या कापसाने पुसतो. खाणंपिणं नेहमीसारखं, ताप वाटत नाही, अंगावर गोचीड सापडले नाहीत.

घरात माणसांचे थेंब आहेत, लेबलवर मॉक्सिफ्लोक्सासिन आणि डेक्सामेथासोन लिहिलंय. अजून घातलेले नाहीत. ते चालतील का? दुसरं, दवाखान्यात गेल्यावर नेमक्या कोणत्या तपासण्या करा म्हणून सांगायचं? आणि हे नाशिकमध्येच होईल की मुंबईला न्यावं लागेल?

पशुवैद्य_नाशिकरोड:
ते थेंब घालू नका. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आहे. तुम्ही सांगताय ती लक्षणं कॉर्नियावरच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावरच्या व्रणाची (अल्सरची) आहेत. व्रणावर स्टेरॉइड पडलं की नवी पेशी सरकायची थांबते, जंतूंना मोकळं रान मिळतं आणि कॉर्निया विरघळवणारी एन्झाइम्स जोर धरतात. कुत्र्याचा कॉर्निया जेमतेम अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाड असतो, तो फुटायला कधी कधी एक-दोन दिवस पुरतात. घरातल्या प्रत्येक बाटलीचं लेबल वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल यांतलं काहीही नको. केटोरोलॅक, नेपाफेनॅक, फ्लर्बिप्रोफेन हे दुखण्यावरचे थेंब स्टेरॉइड नसले तरी व्रण भरणं लांबवतात, म्हणून तेही नको. मध, तुरटी, गुलाबपाणी, दूध यांतलंही काही नको.

आजच जा, आणि जाण्याआधी डोळ्यात काहीही घालू नका, कृत्रिम अश्रूसुद्धा नाही. कारण पहिली तपासणी अश्रू मोजण्याची आहे आणि कोणताही थेंब पडला की तो आकडा खोटा येतो.

क्रम असा असतो. प्रथम शर्मर पट्टी. खाचेजवळ दुमडलेली कागदी पट्टी खालच्या पापणीच्या आत, बाहेरच्या कोपऱ्याकडे अडकवून बरोबर १ मिनिट ठेवायची आणि किती मिलिमीटर भिजली ते वाचायचं. १५ किंवा जास्त असेल तर ठीक. १० ते १४ म्हणजे संशय. १० च्या खाली, आणि लक्षणंही असतील, तर कोरडा डोळा. ५ च्या खाली म्हणजे तीव्र. दोन्ही डोळ्यांची करून घ्या, डाव्याचीच नको. तुम्ही सांगितलेली तार सुटणारी चिपडं मला व्रणाइतकीच महत्त्वाची वाटतात. पाणी कमी पडलं की डोळ्यात उरतो तो श्लेष्मा, आणि तो असाच चिकट ओढला जातो. लोक याला डोळे आलेत समजून महिनोन्‌महिने अँटिबायोटिक घालत राहतात.

मग फ्लुरेसीन. हा नारिंगी रंग सलाइनच्या थेंबाने पट्टीवरून डोळ्यात सोडायचा आणि सलाइनने भरपूर धुवायचा. नीट धुतलं नाही तर श्लेष्म्याला चिकटलेला रंग व्रणासारखा दिसतो. निळ्या उजेडात जिथे वरचा थर गेलाय तिथे हिरवं चमकतं. इथे एक फसवी जागा आहे. व्रण अगदी तळाच्या पडद्यापर्यंत गेला असेल तर तो पडदा रंग घेत नाही. कडेला हिरवं कडं आणि मध्ये स्वच्छ काळं दिसतं. नवख्या नजरेला वाटतं मधला भाग भरलाय, प्रत्यक्षात तो फुटायच्या बेतात असतो.

डोळ्यातला दाब शेवटी मोजतात, आणि व्रण खोल निघाला तर त्या डोळ्याला यंत्र टेकवतच नाहीत. नेहमीचा आकडा साधारण १० ते २० मिमी पारा. २५ च्या वर गेला आणि डोळा लाल, धुरकट असेल तर काचबिंदूचा विचार करावा लागतो. १० च्या खाली असेल तर डोळ्याच्या आतली सूज. मोजताना मान पट्ट्याला धरून ओढली किंवा पापण्या बोटांनी दाबल्या तर आकडा खोटाच वर जातो, त्यामुळे धरणाऱ्याने जबड्याखाली हात द्यावा.

भूल देणारा थेंब टाकून वरच्या पापणीची आतली बाजू, तिसऱ्या पापणीमागची जागा आणि नाकाच्या घडीवरचे केस डोळ्याला घासतात का, हेही पाहायला सांगा. पगमध्ये नाकाजवळच्या कोपऱ्यातले केस कॉर्नियाला घासणं फार दिसतं. तो भूल देणारा थेंब मात्र तपासणीपुरता. घरी द्या म्हणून मागू नका. तो कॉर्नियाला विषारी आहे, रोज घातला तर व्रण भरतच नाही.

व्रण उथळ असेल तर नाशिकमध्येच उपचार होतील. टोब्रामायसिन ०.३ टक्के किंवा डॉक्टर देतील ते अँटिबायोटिक दिवसातून ४ ते ६ वेळा, दुखणं कमी करायला ॲट्रोपिन १ टक्का, आणि गळ्यात कोन, म्हणजे पंजा डोळ्यापर्यंत पोहोचू नये म्हणून घालायची कॉलर. साधा व्रण साधारण आठवड्यात भरतो. भरला नाही तर बाटली बदलत बसू नका, कारण शोधा: पापणीच्या आत उगवलेला केस, अडकलेलं कुसळ, कमी अश्रू, जंतू. बॉक्सरमध्ये आणि वयस्क कुत्र्यांत वरचा थर खालच्याला चिकटतच नाही असा एक प्रकार असतो. त्यात सुटलेल्या कडा काढून टाकाव्या लागतात, नुसत्या थेंबांनी तो महिनोन्‌महिने रेंगाळतो.

इंदिरानगर_पग:
डॉक्टर, मनापासून आभार. जाऊन आलो. अश्रू: उजवा ७, डावा ११. रंग: डाव्या डोळ्यात सुमारे ३ मिमीचा गोल व्रण, उथळ, मध्ये काळा भाग नाही, कडा घट्ट. दाब: उजवा १४, डावा १२. केस घासत नाहीत, तिसऱ्या पापणीमागे काही नाही. टोब्रामायसिन दर ४ तासांनी, ॲट्रोपिन रात्री एकदाच आणि तेही दोनच दिवस, कृत्रिम अश्रू दर २-३ तासांनी, दुखण्यावर मेलॉक्झिकॅम, कोन.

डाव्यात ११ आहेत म्हणजे तो डोळा उजव्यापेक्षा बरा समजायचा का? आणि ॲट्रोपिन घातल्यावर तोंडाला फेस येतोय.

पशुवैद्य_नाशिकरोड:
उलट. दुखरा डोळा पाणी जास्त सोडतो. व्रण असताना त्या डोळ्यात सहज २० च्या वर यायला हवेत. इतकं दुखत असून ११ च येताहेत म्हणजे त्याची खरी पातळी उजव्याइतकीच किंवा त्याहून कमी असणार. दोन्ही डोळे कोरडे आहेत. व्रण हा बहुधा त्याचाच परिणाम.

फेस हा ॲट्रोपिनच्या कडूपणामुळे. थेंब अश्रुनलिकेतून नाकात आणि तिथून घशात उतरतो. घाबरू नका. घातल्यावर डोळ्याचा आतला कोपरा अर्धा मिनिट बोटाने अलगद दाबून धरा, कमी होईल. डॉक्टरांनी दोनच दिवस दिलं ते योग्य केलं, कारण ॲट्रोपिनने अश्रू आणखी आटतात. दुसरं म्हणजे त्याने बाहुली मोठी राहते, उजेड सहन होत नाही, तेव्हा खोली थोडी अंधारी ठेवा.

मेलॉक्झिकॅम पहिल्या दिवशी किलोला ०.२ मिलिग्रॅम आणि पुढे ०.१, रोज एकदा, जेवणानंतर. ९ किलोला म्हणजे आधी १.८, मग ०.९ मिलिग्रॅम. माणसांची गोळी ७.५ किंवा १५ मिलिग्रॅमची येते, तिचे तुकडे करून अंदाजाने देणं धोक्याचं. कुत्र्यांचं द्रावण घ्या. उलटी झाली किंवा शी काळी झाली तर थांबवा आणि कळवा. इबुप्रोफेन तर कुत्र्याला कधीच नाही.

दवाखान्यातली_ताई_सिडको:
थेंब घालण्याची पद्धत सांगते, कारण औषध बरोबर असूनही इथेच गाडी अडते. पगला समोरून धरू नका. बाटली समोरून येताना दिसली की तो मागे सरकतो आणि धडपडीत डोळा जास्त बाहेर येतो. याच्या डोळ्याची खोबण उथळ असते, मानेची कातडी मागे खेचून धरली तर डोळा अक्षरशः पापण्यांबाहेर येऊ शकतो. त्याला तुमच्याकडे पाठ करून दोन पायांमध्ये बसवा. डावा हात हनुवटीखाली. उजव्या हाताची करंगळी कपाळावर टेकवा, त्याच हाताने वरची पापणी वर करा आणि वरून एक थेंब सोडा. हात डोक्याला टेकलेला असेल तर डोकं हललं तरी बाटलीचं टोक डोळ्यात घुसत नाही. एकच थेंब पुरतो, दुसरा गालावरच येतो.

आधी चिपडं काढायची. उकळून गार केलेल्या पाण्यात किंवा सलाइनमध्ये बुडवलेला गॉजचा तुकडा, आतल्या कोपऱ्यापासून बाहेर, एका डोळ्याचा तुकडा दुसऱ्याला लावायचा नाही. वाळलेली चिपडं ओढू नका, मिनिटभर ओला गॉज ठेवून मऊ करा. कोरड्या कापसाचे तंतू व्रणात अडकतात, म्हणून गॉजच बरा.

दोन औषधांत ५ ते १० मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन नेतं. आधी पातळ, मग दाट, मलम सगळ्यात शेवटी. कृत्रिम अश्रू जेलसारखे असतील तर ते अँटिबायोटिकनंतर.

आता कोन. पगचं तोंड आखूड म्हणून लोक लहान कोन घेतात आणि पंजा सहज पोहोचतो. कडा नाकाच्या पुढे निदान ३-४ सेंटिमीटर हवी. गळ्याशी दोन बोटं जातील इतकी सैल. जेवताना काढायचा असेल तर समोर बसा आणि जेवण झालं की लगेच घाला. सोफ्याच्या कडेला एकदा डोळा घासला तरी आठवड्याचं काम वाया जातं. फिरायला हार्नेस वापरा, पट्टा नको. गळ्यावर ताण आला की डोळ्यातला दाब वाढतो आणि व्रण खोल असेल तर तेवढ्यानेही फुटू शकतो.

बाटली उघडल्याची तारीख वर लिहा, महिन्यानंतर टाकून द्या.

दिंडोरी_बागाईत:
शेतावरच्या कुत्र्यांसाठी यात भर घालतो, बागेतल्या कुत्र्यांचे डोळे वेगळ्याच कारणांनी जातात. पावसाळा सरला की बांधावरचं गवत वाळतं आणि कुसळं सुटतात. कुत्रा गवतातून पळून आला आणि एकच डोळा अचानक मिटला, तर कुसळ तिसऱ्या पापणीमागे गेलंय असं धरूनच चाला. बाहेरून दिसत नाही. डॉक्टर भुलीचा थेंब टाकून चिमट्याने ती पापणी उचलतात तेव्हा सापडतं. बुबुळात टोचलेलं दिसलं तर आपण उपटू नये, भोक पडलेलं असलं तर आतलं पाणी बाहेर येतं.

छाटणीनंतर बोर्डोची (मोरचूद आणि चुन्याच्या मिश्रणाची) फवारणी सुरू झाली की चुन्याचा धोका. चुना ॲसिडपेक्षा वाईट, कारण तो वरवर भाजून थांबत नाही, आत शिरत राहतो. डोळ्यात गेला तर दवाखाना नंतर, आधी पाणी. नळाची बारीक धार, डोळा उघडा धरून, घड्याळ लावून २० मिनिटं. पापणी उलटी करून चुन्याचे कण ओल्या कापसाच्या काडीने काढायचे. लिंबू, व्हिनेगर घालून चुना मारायला जाऊ नका. मग औषधाचा डबा किंवा लेबल घेऊन डॉक्टरांकडे. गंधकाची धुरळणी चालू असेल तेव्हा कुत्री बांधावर नेऊन बांधा, वारा जिकडून येतो त्या बाजूला.

डॉक्टर, एक विचारतो. गोचीडतापात डोळे धुरकट होतात तेव्हा स्टेरॉइडचेच थेंब देतात ना? वर तर स्टेरॉइड घालू नका म्हटलंय.

पशुवैद्य_नाशिकरोड:
फार महत्त्वाचा प्रश्न. गोचीडतापात, म्हणजे एर्लिकियात, जंतू पांढऱ्या पेशींत शिरतो, प्लेटलेट्स पडतात, रक्तवाहिन्या सुजतात. डोळ्याच्या आत सूज येते, कधी बुबुळामागे रक्त साठतं, कधी दृष्टिपटल सुटतं आणि कुत्रा रातोरात आंधळा होतो. बहुतेकदा दोन्ही डोळे, दाब कमी, बाहुली बारीक. त्या सुजेवर प्रेडनिसोलोनचे थेंब खरोखर लागतात, सोबत डॉक्सिसायक्लिन किलोला १० मिलिग्रॅम रोज, २८ दिवस. ताप उतरला म्हणून आठवड्यात बंद करू नका. गोळी अन्नाबरोबर आणि वर पाणी पाजून द्यायची, अन्ननलिकेत अडकली तर ती भाजते.

म्हणजे तोच थेंब एका लाल डोळ्याला वाचवतो आणि दुसऱ्याला फोडतो. बाहेरून दोन्ही लाल, दोन्ही धुरकट. फरक सांगते ती फ्लुरेसीनची पट्टी, आणि ती दोन मिनिटांचं काम आहे. रंग न टाकता कुणी स्टेरॉइड लिहून देत असेल, तर नम्रपणे पण ठामपणे म्हणा की आधी रंग टाकून बघा.

दोन्ही डोळे धुरकट आणि कुत्रा मलूल असेल तर डोळ्याबरोबर रक्ततपासणी आणि प्लेटलेट्स मागाच.

काचबिंदूबद्दलही इथेच सांगतो, कारण त्यात वेळ सगळ्यात कमी. डोळा लाल, कॉर्निया निळसर, बाहुली मोठी आणि टॉर्चला न आकसणारी, कुत्रा डोकं टेकवून बसलेला. दाब ४०-५० च्या घरात गेला तर एक-दोन दिवसांत नजर कायमची जाते. अशा वेळी सोमवारची वाट पाहू नका. आणि लॅटानोप्रोस्ट (दाब उतरवणारा थेंब) घरात आहे म्हणून घालू नका. भिंग निसटून पुढे आलं असेल तर त्याने दाब आणखी चढतो.

गंगापूररोड_बीगल:
विषय जवळचा आहे म्हणून इथेच विचारते. ७ महिन्यांच्या बीगलच्या आतल्या कोपऱ्यात लाल बोरासारखी गाठ आली आहे. चेरी आय आहे, कापून टाकू, पाच मिनिटांचं काम, असं सांगितलं गेलं. करावं का?

पशुवैद्य_नाशिकरोड:
कापू देऊ नका. ती गाठ नाही, तिसऱ्या पापणीची अश्रुग्रंथी जागेवरून निसटली आहे. डोळ्याचं सुमारे एक-तृतीयांश पाणी तिथून येतं. कापली तर आज डोळा छान दिसेल आणि काही वर्षांनी वरच्या पगसारखाच कोरडा पडू शकतो. तिला खिसा करून परत आत बसवण्याची शस्त्रक्रिया मागा. टाक्यांच्या गाठी पापणीच्या बाहेरच्या बाजूला यायला हव्यात, आतल्या बाजूला राहिल्या तर कॉर्निया घासतो. काही वेळा ग्रंथी पुन्हा निसटते, तेव्हा पुन्हा बसवतात. तोपर्यंत ती वाळू देऊ नका, दिवसातून ३-४ वेळा वंगण देणारं जेल घाला.

इंदिरानगर_पग:
आज आठवा दिवस. रंग टाकला, काहीच हिरवं नाही. डोळा पूर्ण उघडतो, ठिकाणावर फिकट डाग आहे. अश्रू: उजवा ७, डावा ६. कोरड्या डोळ्यासाठी टॅक्रोलिमस मलम सुरू करायला सांगितलंय. मेडिकलमध्ये ०.०३ टक्क्यांच्या दोन वेगवेगळ्या ट्यूब दाखवल्या. कोणती घ्यायची, किती दिवस? आणि मुंबईला कधी न्यायचं ते राहिलं.

पशुवैद्य_नाशिकरोड:
बघा, दुखणं थांबताच डावा ११ वरून ६ वर आला. तीच त्याची खरी पातळी.

ट्यूबवर ऑप्थॅल्मिक लिहिलेलीच घ्या. दुसरी त्वचेची आहे, टक्केवारी तीच असली तरी तिचा आधार डोळ्यासाठी बनवलेला नसतो. तांदळाच्या दाण्याएवढं मलम, दोन्ही डोळ्यांत, दर १२ तासांनी. लावल्यावर हात धुवा. सायक्लोस्पोरिनही चालतं, पण माणसांचे थेंब ०.०५ ते ०.१ टक्क्यांचे असतात आणि कुत्र्यांचं मलम ०.२ चं. कमी टक्केवारी चालून गेली तर ठीक, नाहीतर औषध लागू नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

परिणाम दिसायला ४ ते ८ आठवडे लागतात. तोवर अश्रूंची जागा कृत्रिम अश्रूंनी भरून काढायची: सोडियम हायलुरोनेट किंवा कार्बोक्सीमिथाइलसेल्युलोज, दिवसातून ४ ते ६ वेळा, शक्यतो परिरक्षक नसलेले. ६ आठवड्यांनी पट्टी पुन्हा. त्या सकाळी मलम नेहमीसारखं लावा, पण तपासणीच्या आधी निदान ३-४ तास कृत्रिम अश्रू घालू नका. आकडा १५ च्या वर गेला तरी मलम बंद नाही. हा आजार बहुतेकदा शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रुग्रंथीवर चालून गेल्याने होतो. औषध थांबलं की काही आठवड्यांत पुन्हा कोरडं पडतं. मलम जन्मभराचं आहे, तसा खर्च धरूनच बसवा.

जुलाबासाठी पुढे कुणी सल्फा असलेली गोळी दिली तर आजाराची कल्पना द्या, सल्फाने अश्रू आणखी आटतात.

परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयात किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यायची वेळ पुढीलपैकी काही दिसलं तर: रंगाच्या तपासणीत मध्ये काळं आणि भोवती हिरवं कडं, व्रणाचा पृष्ठभाग पिवळट लिबलिबीत होऊन कडा ओघळताना दिसणं, किंवा २४ तासांत व्रण स्पष्ट वाढणं. लिबलिबीत व्रणाला जाईपर्यंतही उपचार थांबवायचे नाहीत. तिथे मॉक्सिफ्लोक्सासिन दर १-२ तासांनी, आणि कुत्र्याच्याच रक्तातून काढलेला सीरम त्याच अंतराने. रक्त गोठू देऊन फिरवलं की वरचा पिवळा द्रव निर्जंतुक बाटलीत घेतात, फ्रीजमध्ये ठेवून २-३ दिवसांत संपवतात. कॉर्निया विरघळवणारी एन्झाइम्स तो अडवतो. नाशिकमधला कोणताही दवाखाना ज्याच्याकडे सेंट्रिफ्यूज आहे तो हे करून देऊ शकतो. बाटली बर्फाच्या डब्यात घेऊन निघा आणि इगतपुरी-कसारा ओलांडतानाही वेळ झाली की गाडी थांबवून थेंब घाला.

दवाखान्यातली_ताई_सिडको:
कोन अजून ३-४ दिवस ठेवा हं. रंग आला नाही तरी नवा थर सुरुवातीला कच्चा असतो, चोळला की तोच सुटतो.